परिषदेतून परत आल्यावर ठरावाचं काम कसं सुरू करायचं

हवामान, जैवविविधता, प्लास्टिक, विषय कुठलाही असू दे, आंतरराष्ट्रीय परिषदेच्या शेवटच्या दिवशी जो उत्साह असतो तो परत आल्यावर पंधरा दिवसात तुंबलेल्या मेलखाली गाडला जातो. माझ्या पहिल्या परिषदेनंतर हेच झालं, वहीभर नोट्स होत्या, दोन-तीन आयडिया तर खरंच भारी होत्या, आणि सहा महिन्यांनी त्यातलं काहीच सुरू झालेलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. नंतर हळूहळू जी पद्धत बसली ती इथे लिहितोय, तुम्ही संस्थेकडून जा, नगरपालिकेकडून जा नाहीतर कंपनीकडून, फार फरक पडत नाही.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या, ठराव तेव्हाच टिकतो जेव्हा त्याला माणूस, पैसा आणि तारीख मिळते. १९८७ चा मॉन्ट्रियल करार बघा. ओझोनचा थर खाणारी रसायनं नावानिशी यादीत होती, कोणी कधीपर्यंत किती कमी करायचं त्याचं वेळापत्रक होतं, दरवर्षी आकडे द्यावे लागायचे, आणि १९९० मध्ये विकसनशील देशांना हे जमावं म्हणून वेगळा निधी ठरला. आज ओझोनचा थर हळूहळू भरून येतोय. आता दुसरी बाजू, २०१० मध्ये जपानमध्ये जैवविविधतेची २० लक्ष्यं ठरली (तिथल्या आयची प्रांतावरून त्यांना 'आयची लक्ष्यं' म्हणतात), आणि २०२० मध्ये हिशोब केला तेव्हा जगाच्या पातळीवर त्यातलं एकही पूर्ण झालेलं नव्हतं. बऱ्याच देशांनी स्वतःची लक्ष्यं केली पण ती मूळ लक्ष्यापेक्षा ढिली होती, आणि कितीतरी लक्ष्यं मोजता येतील अशा शब्दात लिहिलेलीच नव्हती. इच्छा दोन्हीकडे होती असं मी धरून चालतो, फरक पडला तो बांधणीत.

तर कामाची सुरुवात निघण्याच्या महिनाभर आधी होते. जो माणूस प्रत्यक्ष काम करणार आहे, म्हणजे कचऱ्याचा विभाग बघणारा, इमारतीचं मेंटेनन्स बघणारा, खरेदी करणारा, त्याच्याकडे जाऊन बसा आणि विचारा की तुमचं नेमकं कुठे अडलंय. तो जे सांगेल त्यातला एकच प्रश्न निवडा आणि तोच घेऊन परिषदेला जा. पाच विषय घेऊन गेलात तर पाचही अर्धवट राहतात, हे मी स्वतः करून बघितलंय.

परिषदेत असताना सगळी भाषणं ऐकायची धडपड करू नका, भाषणं नंतर व्हिडिओवर मिळतात. ज्यांनी तुमच्यासारखं काम आधी केलंय त्यांना गाठा आणि त्यांच्या स्लाइडवर जे नसतं ते विचारा, अनुदान संपल्यावर पैसे कुठून आले, मशीन बंद पडलं तर दुरुस्त कोण करतं, पहिल्यांदा काय फसलं. शेवटच्या प्रश्नाला लोक आधी जरा थांबतात पण मग मनापासून बोलतात, आणि माझ्या वहीत सगळ्यात उपयोगाची पानं तीच असतात.

ठरावाची भाषा वाचायलाही शिका, त्यावर थोडा वेळ खर्च झाला तरी चालेल. 'ठरवते', 'आवाहन करते', 'प्रोत्साहन देते', 'नोंद घेते' ही क्रियापदं दिसायला सारखी वाटतात पण वजन वेगवेगळं असतं, 'ठरवते' वर काहीतरी उभं करता येतं, 'नोंद घेते' मधून बंधन असं काही निघत नाही. मसुद्यात चौकोनी कंसात मजकूर असेल तर त्यावर अजून एकमत झालेलं नाही असं समजायचं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अगदी शेवटच्या क्षणी कोळशाबाबत 'बंद करत जाणे' च्या जागी 'कमी करत जाणे' आलं, एका शब्दाने वाक्याचं वजन बदललं. म्हणून घरी जाऊन सांगताना बातमीतली हेडलाइन सांगू नका, मूळ वाक्य दाखवा, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं की हे असं लिहिलंय कुठे, आणि मग पुढचं कोणी ऐकत नाही.

परतीच्या प्रवासातच एक पान लिहून काढा. एकच. त्यात काय करायचं, कोण करणार, पहिलं पाऊल कधी, पैसा कुठल्या हेडखालून, आणि यश कशावरून कळणार. लांबलचक रिपोर्ट नंतर लिहा हवा तर, पण हे पान पहिल्या आठवड्यात निर्णय घेणाऱ्याच्या टेबलवर पोचलं पाहिजे.

आता सगळ्यात अवघड भाग, जगाचं लक्ष्य आपल्या मापात आणणं. उदाहरण घेऊ. ग्लासगोलाच मिथेन वायूबद्दलची प्रतिज्ञा जाहीर झाली, सह्या केलेल्या देशांनी मिळून २०३० पर्यंत उत्सर्जन २०२० च्या तुलनेत निदान ३० टक्के कमी करायचं. मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो पण २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त तापवतो, म्हणजे आज कमी केला तर परिणाम आपल्याच हयातीत दिसतो, मला हा विषय म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो. पण '३० टक्के' हा आकडा कचऱ्याची गाडी चालवणाऱ्याच्या काय कामाचा? त्याच्यासाठी त्याचं भाषांतर असं होतं की ओला कचरा डम्पिंगच्या ढिगात हवेशिवाय कुजला की मिथेन बनतो, म्हणून रोज किती किलो ओला कचरा वेगळा निघून कंपोस्टला किंवा बायोगॅसला गेला ते मोजायचं. किलो त्याला कळतात, रोज लिहिता येतात, आणि महिन्याच्या शेवटी वाढले की कमी झाले हे वाद न घालता दिसतं.

मोजणी काम सुरू व्हायच्या आधीच करा. विजेचं काम असेल तर मागच्या १२ महिन्यांची बिलं, पाण्याचं असेल तर मीटरचे आकडे, कचऱ्याचं असेल तर दोन आठवडे रोज वजन. हे राहून गेलं तर वर्षभराने काम झालं असूनही दाखवता येत नाही, आणि मग पुढच्या वर्षी पैसे मिळत नाहीत.

पैशाबद्दल, बजेट कधी ठरतं ती तारीख आधी शोधा. परिषद संपली आणि बजेट मागच्याच महिन्यात ठरून गेलं असेल तर मध्ये वर्ष जातं, तेवढ्या काळात बिनपैशाचं जे होतं ते सुरू करा, म्हणजे खरेदीच्या अटी बदलणं, मोजणी, ट्रेनिंग. आणि मागताना नुसती मशीनची किंमत मागू नका, चालवायचा आणि दुरुस्तीचा पाच वर्षांचा खर्च त्यातच धरा. मोठ्या परिषदांमध्येही पैशाचं असंच रखडतं, २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या हवामानाच्या कामासाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलं, तो आकडा प्रत्यक्षात गाठला गेला २०२२ मध्ये.

जबाबदारी माणसाच्या नावाबरोबर पदालाही चिकटवा. उत्साही माणसाची बदली झाली की काम बंद, हे इतक्या ठिकाणी बघितलंय की आता मी पहिला प्रश्न हाच विचारतो, हे काम कुणाच्या नेमणुकीच्या कागदात लिहिलंय? लिहिलं नसेल तर लिहून घ्या, आणि सोबत दुसरा माणूस तयार ठेवा. पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावर करून बघायचा प्रयोग, करत असाल तर सुरुवातीलाच तारीख ठरवा की त्या दिवशी वाढवायचं की बंद करायचं याचा निर्णय होईल, कारण तारीख नसलेले पायलट वर्षानुवर्षं पायलटच राहतात.

दर तीन महिन्यांनी आकडे लोकांसमोर ठेवा, खराब आले तरी. परिषदेत भेटलेल्यांना मेलवर आभार मानून थांबू नका, महिन्याभराने एखादा अडलेला प्रश्न घेऊन फोन करा, ओळखी अशाच टिकतात. आणि पुढच्या परिषदेला जायची वेळ आली तर शक्य असेल तिथे स्वतःच्या जागी त्या माणसाला पाठवा जो रोज वजनकाट्यापाशी उभा असतो, हातात वर्षभराची नोंदवही देऊन.