विश्वामित्रीच्या पुलावरून मुशींकडे

मुशी (म्हणजे शार्क) आणि पाकटं कळपाने का राहतात याचा अभ्यास करायचा, असं घरी सांगितलं तेव्हा आजीने विचारलं, "अगं, दांडिया बाजारात राहून मासे कुठले मोजणार?" बडोद्यातली मुलं आता तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी आधी शहरातल्या विश्वामित्री नदीच्या पुलावर पाठवते.

हिवाळ्यात सकाळी मगरी काठावर ऊन खात पडलेल्या असतात. पाच एकमेकींजवळ दिसल्या की वहीत 'गट: ५' लिहावंसं वाटतं. घाई करू नका. उन्हाचा तुकडाच तेवढा असेल तर? तसंच ऊन असलेली रिकामी जागाही नोंदवा, मगरींमधलं अंतर लिहा, आठवडाभर रोज त्याच वेळी या. आणि पुलावरूनच बघा, काठावर उतरू नका.

मुशींच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच असतो: जागेमुळे जमल्या, की एकमेकींसाठी? कॅलिफोर्नियात ला होयाच्या उथळ, उबदार पाण्यात गाभण लेपर्ड शार्क जमतात. तिथे ओढ उबेची असावी असं मानतात. उलट प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा प्रवाळद्वीपाजवळच्या ग्रे रीफ शार्कपैकी काहींची सोबत चार-चार वर्षं टिकल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. बहामातल्या बिमिनी बेटावर लेमन शार्कची पिल्लं शिकलेल्या पिल्लांसोबत ठेवली, तर नवं काम लवकर शिकली. कानमुशी, म्हणजे हातोडीसारख्या डोक्याच्या मुशी, तर दिवसा समुद्रातल्या डोंगरांभोवती शेकड्यांनी फिरतात आणि रात्री पांगून शिकार करतात. मला अजूनही सगळ्यांत जास्त कुतूहल त्यांचंच आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रात्रीच्या गाडीने पहिल्यांदा वेरावळच्या मासेमारी बंदरावर गेले. जेटीवर छोट्या कानमुशींचा ढीग होता. मी आनंदाने 'कळप' लिहिलं. संध्याकाळी मार्गदर्शक बाईंनी वही पाहिली आणि विचारलं, "बोट किती दिवसांनी आली? जाळं किती वेळा टाकलं?" दुसऱ्या दिवशी बोटीच्या टंडेलकाकांना, म्हणजे नाखव्यांना, विचारलं, तर बोट दहा दिवस बाहेर होती आणि मासळी वेगवेगळ्या ठिकाणची, बर्फात साठवलेली. म्हणजे तो ढीग बोटीने केलेला होता. म्हणून आधी टंडेलशी बोला, मग मोजायची टेप काढा. आपल्याला गुजराती येतं, हा बडोदेकरांचा मोठा फायदा आहे. पण खारवा मंडळींचे, म्हणजे तिथल्या मासेमार समाजाचे, माशांसाठीचे शब्द वेगळे असतात, ते त्यांच्याचकडून शिकून घ्या.

एकाच जाळ्यातली मासळी कळली, तर मात्र खूप काही हाती लागतं. लांबी मोजा. नराच्या पोटाकडच्या परांपाशी दोन नळीसारखे आलिंगक असतात, मादीला नसतात. अनेक जातींत नर-माद्या आणि लहान-मोठे वेगळे राहतात, त्यामुळे एका जाळ्यातलं प्रमाणही बोलकं असतं. संरक्षित जातींना हात लावू नका, तुकडाही घेऊ नका. व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

जिवंत व्हेल शार्क ओळखायला फोटो पुरतात. तिच्या अंगावरचे ठिपके ताऱ्यांच्या नकाशासारखे जुळवतात, आणि ती गणिती रीत खरोखरच खगोलशास्त्रातून आली आहे.

ओळख पटली की 'कोण कोणाबरोबर दिसली' याचा तक्ता बनतो. इथे बहुतेक मुलं घाबरतात, म्हणून मी गरब्याचं उदाहरण देते. हजारोंच्या गोलात दोघी एका रात्री शेजारी दिसल्या, तर तो योगायोग असू शकतो. नऊही रात्री दिसल्या तर? संगणकावर आपण नोंदींतली नावं पत्त्यांसारखी हजार वेळा पिसतो आणि नुसत्या योगायोगाने किती वेळा शेजार घडला असता ते पाहतो. खरा आकडा त्याहून बराच वर गेला, तरच 'सोबत' म्हणायची. आकडेशास्त्र पहिल्या वर्षापासून धरा. प्राणिशास्त्राची मुलं ते पुढे ढकलतात आणि प्रबंधाच्या वेळी अडतात.

पाचव्या खेपेला माझ्या वहीत पहिली धड नोंद झाली: 'एकच जाळं, पहाटेचं. कानमुशी ७, सगळी पिल्लं, सगळ्या माद्या.' 'कळप' हा शब्द तिथे नव्हता. बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, "पुढचं जाळं कुठे टाकणार आहेत?"