आई-बाबांच्या हाती यूपीआय देताना

साठी ओलांडलेल्यांना धास्ती बटणांची नसते. पैसे गेले तर परत येणार नाहीत याची असते. म्हणून ॲप दाखवण्याआधी या भीतीची सोय लावा.

पेन्शनचं खातं यूपीआयला जोडू नका. दुसऱ्या बचत खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि तेवढंच जोडा. काही बिघडलंच तर किती जाईल हे आधीच माहीत असलं, की निम्मी धाकधूक जाते. त्या खात्याला त्यांचाच मोबाइल नंबर हवा. पिन ठरवायला डेबिट कार्ड किंवा आधारचा ओटीपी लागेल. पिन त्यांनाच टाकू द्या, तुम्ही मान वळवा. पिन मुलांनीच ठरवला, की "कुणाला सांगायचा नाही" हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

पहिला व्यवहार एक रुपयाचा, घरातल्या घरात. मग ओळखीच्या वाण्याकडे. कोड स्कॅन केल्यावर थांबायचं आणि स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचायचं. पाटीवर दुकानाचं नाव आणि स्क्रीनवर मालकाचं, असं असू शकतं. विचारून घ्यावं, त्यात संकोच कसला? मग रक्कम, शेवटी पिन. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. "पैसे मिळतील, पिन टाका" म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवायचा.

खरा विश्वास तुटतो तो पैसे कापले जाऊनही दुकानदाराला मिळत नाहीत तेव्हा. हा प्रसंग आधीच समजावून ठेवा. लगेच पुन्हा पैसे पाठवायचे नाहीत. हिस्ट्रीत 'पेंडिंग' दिसलं, तर वाण्याला वहीत मांडून ठेवायला सांगायचं आणि 12 अंकी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, टिपून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमानुसार दुकानाचं अडकलेलं पेमेंट 5 दिवसांत, व्यक्तीला पाठवलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवं. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. हे बाबांना एकदा आकड्यांसकट सांगाच, त्यांना ते पटतं.

फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा आणि बँकेला कळवायचं. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आले तरच वाचतात. 1930 आणि बँकेचा, दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह करा, शिवाय कागदावर ठळक लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवा. आणि त्यांना आजच सांगून ठेवा, की असं झालं तर घरात कुणी रागावणार नाही. बोलणी बसतील म्हणून माणसं गप्प राहतात, आणि तेवढ्यात पैसे लांब जातात.