एम्युलेटरमध्ये कॅमेऱ्याचा कोन बदलायला शिकताना

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. शाळेत असताना लग्नसराईत मी त्याच्यासोबत बॅग धरायला जायचे. कार्यालयात ग्रुप फोटो काढताना तो मागे सरकत सरकत भिंतीला टेकायचा, आणि तरीही वऱ्हाड चौकटीत मावायचं नाही. मग पन्नासची लेन्स काढून अठ्ठावीसची लावायचा. "सगळी मावत्यात बघ," म्हणायचा, "पण कडंची मानसं रुंद दिसत्यात. म्हणून कडंला अंगानं बारीक असतील ती उभी करायची."

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला एका ओपन सोर्स प्लेस्टेशन एम्युलेटरमध्ये, म्हणजे प्लेस्टेशनचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फील्ड ऑफ व्ह्यूचा स्लायडर बसवायला घेतला, तेव्हा हेच वाक्य मला सगळ्यात जास्त कामाला आलं. फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे कॅमेऱ्यात किती अंशांचं जग मावतं तो कोन. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. तिच्यासमोर पन्नासची लेन्स आडवा साधारण ४० अंशांचा कोन देते, अठ्ठावीसची ६५ अंशांचा. लेन्स फिल्मच्या जितकी जवळ, तितका कोन मोठा. बाकी गणित त्रिकोणमितीचं आहे: अर्धी रुंदी भागिले अंतर, त्याचा व्यस्त टॅन, आणि त्याची दुप्पट.

एम्युलेटरवर काम करायची इच्छा असलेल्या नव्या मुलामुलींनी सुरुवातीला असंच एखादं छोटं काम निवडावं असं मला मनापासून वाटतं. अख्खा एम्युलेटर लिहायला घेतला तर पहिले सहा महिने पडदा काळाच राहतो. इथे मात्र पहिल्याच संध्याकाळी काहीतरी हलताना दिसतं, आणि त्या ओढीने तुम्ही हार्डवेअरच्या पोटात शिरता.

३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आलेल्या त्या पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य प्रोसेसरच्या जोडीला जीटीई नावाचा एक सहप्रोसेसर होता, जॉमेट्री ट्रान्सफॉर्मेशन इंजिन. त्रिमितीतला बिंदू पडद्यावर कुठे पडेल हे तो काढतो. त्याच्यात एच नावाचं एक रजिस्टर, म्हणजे एक आकडा ठेवायची जागा, आहे. बिंदू कॅमेऱ्याच्या मध्यापासून किती बाजूला आहे तो एक्स, किती लांब आहे तो झेड. पडद्यावरची आडवी जागा म्हणजे एक्स गुणिले एच भागिले झेड, अधिक पडद्याचा मध्य. मार्टिन कॉर्थ यांनी लिहिलेल्या हार्डवेअरच्या माहितीत हे सूत्र वाचलं आणि मी थेट स्टुडिओ गाठला. एच म्हणजे मामाच्या लेन्सची फोकल लेन्थ, ते पन्नास किंवा अठ्ठावीस मिलिमीटर! फिल्मच्या जागी ३२० पिक्सेलचा पडदा, एवढाच फरक. एच ३२० असेल तर कोन ५३ अंश. एच निम्मा, म्हणजे १६०, केला तर कोन ९० अंश. दुप्पट होत नाही हे इथेच लक्षात ठेवा, कारण स्लायडरवर अंश लिहायचा मोह प्रत्येकाला होतो.

मलाही झाला. ६० ते ११० अंशांचा स्लायडर केला आणि गेमने एचमध्ये काहीही लिहिलं तरी माझाच आकडा वापरायचा, असं ठरवलं. एका गेममध्ये दुर्बिणीतून बघताना गेम एच वाढवायचा. माझ्या आवृत्तीत दुर्बीण डोळ्याला लावली तरी डोंगर तिथेच. त्यानंतर मी अंश सोडून टक्के धरले. १०० म्हणजे गेमने ठरवलेला कोन. १३० म्हणजे एच भागिले १.३, म्हणजे ५३ अंशांचे ६६. गेम स्वतः झूम करतो तेव्हा आपलं प्रमाण त्याच्या प्रमाणावर बसतं, आणि गेम बनवणाऱ्यांनी ज्या कारणासाठी कोन बदलला ते कारण शाबूत राहतं. जुन्या गेमवर काम करताना एवढा मान त्यांना द्यायला हवा.

आता बदल कुठे करायचा? मी पहिल्यांदा तो रजिस्टरमध्ये लिहितानाच केला. गेम एच लिहितो, मी १.३ ने भागून ठेवते. एक ओळ, आणि चाललं. दोन दिवस मी खुशीत होते. मग लक्षात आलं की सेव्ह स्टेट, म्हणजे गेमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, लोड केली की दृश्य आणखी रुंद होतं, पुन्हा सेव्ह करून लोड केली की आणखी. सेव्ह स्टेटमध्ये भागलेला एच जात होता, आणि लोड होताना माझाच कोड त्याला परत भागत होता. शिवाय गेमला एच परत वाचायची सोय आहे, आणि वाचल्यावर त्याला स्वतः लिहिलेला आकडा न दिसता दुसराच दिसतो. म्हणून रजिस्टरला हात लावायचा नाही. बिंदू पडद्यावर टाकणाऱ्या आरटीपीएस आणि आरटीपीटी या दोन सूचना आहेत, हा बदल तिथे ऐनवेळी करायचा.

तिथे केला, आणि धुकं जवळ आलं.

हे मला समजायला आठवडा लागला, म्हणून सविस्तर सांगते. जुलै-ऑगस्टात यवतेश्वरच्या घाटात चार वळणांपुढचा रस्ता पांढऱ्यात विरघळतो, तसं त्या काळच्या अनेक गेममध्ये लांबचं जग हळूहळू एका रंगात विरघळवतात. स्लायडर १३० वर नेला की माझ्या पडद्यावर दुसऱ्याच वळणाला सगळं पांढरं व्हायचं. मी रंगांचा कोड तपासला, ग्राफिक्सचा तपासला, काहीच सापडेना. शेवटी आरटीपीएसचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एच भागिले झेड हा भागाकार ही सूचना एकदाच करते आणि दोन ठिकाणी वापरते: एकदा बिंदूची जागा काढायला, आणि एकदा डीक्यूए व डीक्यूबी या रजिस्टरांच्या मदतीने धुकं किती हे काढायला. मी एच लहान केला, त्यामुळे जीटीईला प्रत्येक वस्तू होती त्यापेक्षा लांब वाटू लागली. कोन रुंद करण्याशी धुक्याचा संबंध असायचं कारण नव्हतं, तो हार्डवेअरने काटकसर म्हणून जोडला होता.

उपाय असा: भागाकार मूळ एचनेच करायचा. धुकं त्यातूनच काढायचं. भागाकार मर्यादेबाहेर गेला तर फ्लॅग रजिस्टरमध्ये खूण होते, आणि ती बघून काही गेम तो त्रिकोण (त्रिमितीतलं सगळं दृश्य त्रिकोणांचंच बनलेलं असतं) टाकून देतात, म्हणून ती खूणही मूळ आकड्यावरूनच करायची. फक्त पडद्यावरची जागा काढताना उत्तराला आपलं प्रमाण लावायचं. प्रमाण दशांशात ठेवू नका. जीटीईच्या रीतीप्रमाणे ४०९६ म्हणजे एक, असं पूर्णांकात ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर तेच उत्तर येईल.

तपासायला गेमच लागतो असं नाही. मी स्वतः एक घन फिरवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यातला एक बिंदू वहीत सोडवून ठेवला. एक्स १००, झेड ४००, एच ३२०: मध्यापासून ८० पिक्सेल, म्हणजे पडद्यावर २४०. स्लायडर १३० वर असताना तोच बिंदू २२१ वर यायला हवा. तो तिथे आला की गणित बरोबर, मग गेम बघायचे, तेही स्वतःकडच्या डिस्कवरून घेतलेले.

गणित बरोबर आल्यावरही सगळे गेम बरे दिसत नाहीत. जिथे पार्श्वभूमी आधीच रंगवलेलं चित्र असते, तिथे माणसं लहान होतात आणि चित्र तेवढंच राहतं, पाय जमिनीला टेकत नाहीत. तिथे स्लायडर बंद ठेवायची सोय द्यावी लागते. स्कोअर, नकाशा, मेनू सहसा जीटीईतून जात नाहीत, ते जागच्या जागी राहतात. उलट दिशेला, म्हणजे कोन अरुंद करताना, जवळची भिंत अचानक गायब होते. हा बग नाही. प्लेस्टेशनचा ग्राफिक्स चिप १०२३ पिक्सेलपेक्षा रुंद किंवा ५११ पेक्षा उंच त्रिकोण काढतच नाही, आणि झूममुळे भिंतीचे त्रिकोण तेवढे मोठे होतात. मी खालची मर्यादा ८० टक्क्यांवर आणून थांबवली.

सगळ्यात अवघड दुखणं कडेचं. काही गेम बिंदू पडद्यावर कुठे आला ते बघून मग त्रिकोण ठेवायचा की टाकायचा ते ठरवतात. अशा गेममध्ये रुंद कोन सुंदर दिसतो, साताऱ्यातल्या चार भिंती या उंचावरच्या ठिकाणावरून खालचं शहर एका नजरेत दिसावं तसा. पण कित्येक गेम आधीच स्वतःचा हिशोब करतात: कॅमेऱ्याच्या एवढ्या अंशांबाहेरचं जग जीटीईकडे पाठवायचंच नाही. तो अंश गेमच्या कोडमध्ये कुठेतरी पुरलेला असतो आणि आपल्या स्लायडरला तो माहीत नसतो. मग दोन्ही कडांना रस्त्याचे तुकडे नसतात, आकाश खालपर्यंत येतं. जीटीईमध्ये यावर इलाज नाही. त्या त्या गेमसाठी मेमरीतला तो आकडा शोधून तो बदलणारा पॅच लिहावा लागतो. गेमक्यूबसारख्या नंतरच्या कन्सोलवर प्रोजेक्शनचे आकडे वेगळ्या रजिस्टरांत येतात आणि प्रोजेक्शन पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दाखवणारं) आहे की ऑर्थोग्राफिक (अंतर न बघता सगळं एकाच मापात दाखवणारं) हेही सोबत लिहून येतं, त्यामुळे त्रिमिती आणि मेनू वेगळे ओळखणं सोपं जातं. कडेचं दुखणं मात्र तिथेही तेच.

सुरुवात करताना सी++ उत्तम यायलाच हवी असं नाही. दुसऱ्याचा कोड शांतपणे वाचता यायला हवा, बिटांचे गुणाकार वहीत करता यायला हवेत, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये एका वेळी एकच बदल ठेवायची सवय हवी. धुक्याचा गोंधळ मला उलगडला तो मी स्लायडरचा बदल बाकी कामापासून वेगळा ठेवला होता म्हणून.

मामाला मी १३० वर गाडीची शर्यत दाखवली. त्याने पडद्याच्या डाव्या कडेला बोट ठेवलं, "हितं रस्ता कापलाय गं." त्याच गेमचा तो आकडा मी आता शोधते आहे. मेमरीच्या दोन प्रती घेतल्या आहेत, तो तुकडा दिसतानाची एक आणि नसतानाची एक. फरकांची यादी तीनशेवरून एकोणीस जागांवर आली आहे.