जोड बरोबरीची लावा: कस्टम मॅचसाठी रेटिंगची वही

खानदेशातल्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला की पंच आधी पैलवानांना शेजारीशेजारी उभं करतात. अंगपिंड, उंची आणि आधीच्या कुस्त्या पाहून मगच जोड लागते, कारण विजोड कुस्ती बघायला कोणी थांबत नाही. ऑनलाइन गेममध्ये अनोळखी खेळाडूंसाठी हे काम सर्व्हर करतो. पण जळगाव, भुसावळ, धुळ्याची दहा पोरं कस्टम रूम, म्हणजे फक्त ओळखीच्यांसाठीची खासगी मॅच, उघडून पाच-पाच खेळतात, तेव्हा टीम त्यांनाच पाडाव्या लागतात. दोन तगडे गडी कप्तान होतात, आळीपाळीने गडी मागतात आणि सगळ्यांत शेवटी उरणारा पोरगा महिन्याभरात यायचा बंद होतो. ते टाळायला एक वही पुरते, किंवा मोबाईलवरची स्प्रेडशीट.

वहीचा पाया बुद्धिबळातून आलेला आहे. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. प्रत्येकाला एक आकडा द्यायचा आणि दोन आकड्यांच्या फरकावरून जिंकण्याची शक्यता काढायची. फरक शून्य असेल तर ५० टक्के, ५० असेल तर ५७, १०० असेल तर ६४, २०० असेल तर ७६ आणि ४०० असेल तर ९१ टक्के. टीमसाठी पाचही जणांची सरासरी काढून त्या सरासऱ्यांतला फरक घ्या. एवढा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर गणिताची भीती उरत नाही.

सुरुवातीला सगळ्यांना एकच आकडा देऊ नका. व्हॅलोरंट या पाच-पाचच्या शूटिंग गेमची टोळी असेल तर गेमने दिलेल्या रँकवरून अंदाज बांधा: सिल्व्हरला १३००, गोल्डला १४००, प्लॅटिनमला १५००, डायमंडला १६००. बीजीएमआय या मोबाईलवरच्या शूटिंग गेमच्या टियरवर, म्हणजे तिथल्या रँकवर, मात्र इतका भरवसा ठेवू नका. तिथे नुसतं बराच वेळ खेळूनही टियर चढते आणि खालच्या टियरमध्ये समोर बॉटही, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडूही, असतात. ती टोळी असेल तर सगळ्यांना १४०० द्या आणि वहीलाच ठरवू द्या.

आता टीम पाडायच्या. खेळाडूंना गावांची नावं देऊन बघू: जळगाव १६२०, भुसावळ १५४०, धुळे १५००, अमळनेर १४६०, चोपडा १४४०, शिरपूर १४००, यावल १३८०, नंदुरबार १३४०, पाचोरा १३००, एरंडोल १२२०. एक इकडे, एक तिकडे असं आळीपाळीने वाटलं तर पहिल्या टीमची बेरीज ७२४० होते आणि दुसरीची ६९६०. सरासरीत ५६ चा फरक, म्हणजे पहिली टीम मॅच सुरू व्हायच्या आधीच ५८ टक्क्यांवर. दोष पद्धतीतच आहे: प्रत्येक फेरीत पहिल्या टीमला थोडा बरा गडी मिळतो आणि तो थोडा-थोडा फरक साचत जातो.

त्याऐवजी सापाच्या चालीने वाटा: पहिला एकीकडे, पुढचे दोन दुसरीकडे, पुढचे दोन परत पहिलीकडे. मग जळगाव, अमळनेर, चोपडा, नंदुरबार, पाचोरा यांची बेरीज ७१६० होते आणि उरलेल्यांची ७०४०. सरासरीत २४ चा फरक, ५३ टक्के. आता बेरजांतला फरक १२० आहे. त्याच्या निम्म्याने, म्हणजे ६० ने वेगळे असलेले दोन गडी शोधा. अमळनेर १४६०, शिरपूर १४००. त्यांची अदलाबदल केली की दोन्ही बाजूंना ७१००.

पण ७१०० ला ७१०० झालं म्हणून लगेच रूम सुरू करू नका. दहा जणांच्या पाच-पाचच्या टीम १२६ तऱ्हांनी पाडता येतात आणि त्यांतल्या बऱ्याच बरोबरीच्या जवळ असतात. सरासरीचा फरक २० च्या आत असेल त्या वाटण्यांमधून भूमिका बघून निवडा. व्हॅलोरंटमध्ये एका बाजूला पुढे घुसून लढणारे तीन ड्युएलिस्ट आणि धूर टाकणारा कंट्रोलर एकही नाही, अशी टीम आकड्यांत बरोबरीची असली तरी साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागी, शिरताना अडते. भूमिका जुळवायला १० गुणांचा फरक सोसावा लागला तर खुशाल सोसा.

मॅच संपली की आकडे लगेच बदला, उद्यावर टाकू नका. नियम असा: ३२ ला 'निकाल वजा अपेक्षा' ने गुणा, त्यात निकाल म्हणजे जिंकल्यास १ आणि हरल्यास ०. ५३ टक्के अपेक्षा असलेली टीम जिंकली तर तिच्या प्रत्येक गड्याला १५ गुण मिळतात. हरली तर १७ जातात. नव्या गड्याच्या पहिल्या १० मॅचना ३२ च्या जागी ६४ धरा, म्हणजे सुरुवातीचा चुकलेला अंदाज लवकर सुधारतो. किल किती झाले, मॅच किती राउंडांच्या फरकाने जिंकली, हे आकड्यात घालू नका. किलला गुण दिले की गडी मरायला आलेल्या सोबत्याला सोडून किलमागे पळतात.

वहीवर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि इथेच बहुतेक टोळ्या घाई करतात. टीमच्या खेळात निकाल एकच आणि तो पाच जणांत वाटला जातो, म्हणून कोण किती चांगला हे हळू उलगडतं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी केलेली आणि हेलो ३ मध्ये वापरलेली ट्रूस्किल पद्धत प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे ठेवते: कौशल्याचा अंदाज २५ पासून आणि त्या अंदाजातली अनिश्चितता ८.३३ पासून. अनिश्चिततेची तिप्पट वजा करूनच क्रम लावला जातो, म्हणून नवा खेळाडू शून्यावर दिसतो. त्या पद्धतीच्या हिशेबाने चार विरुद्ध चारमध्ये एका खेळाडूची पातळी ओळखायला साधारण ४६ मॅच लागतात. तुमच्या वहीत प्रत्येक नावापुढे मॅचची संख्या लिहा आणि १० पेक्षा कमी मॅच झालेले दोन गडी शक्यतो एका टीममध्ये घालू नका.

एका दारुण पराभवावरून टीम मोडू नका. व्हॅलोरंटमध्ये १३ राउंड आधी जिंकायचे असतात. दोन्ही टीम प्रत्येक राउंडला अगदी ५०-५० असल्या तरी साधारण चारातली एक मॅच १३-७ किंवा त्याहून एकतर्फी संपते. उलट राउंडमागे ५५ टक्क्यांची किरकोळ बढत असली तरी पूर्ण मॅच जिंकण्याची शक्यता ६९ टक्क्यांच्या आसपास जाते. एका स्कोअरवरून यांतलं काहीच कळत नाही. वहीने ६० टक्क्यांच्या आसपास सांगितलेल्या २० मॅच बघा. वरचढ टीम १० ते १४ वेळा जिंकली असेल तर वही बरोबर चालली आहे. १७-१८ वेळा जिंकली असेल तर गुणांचा फरक तक्त्यात दिसतो त्यापेक्षा जड आहे. ७५ चा फरक १०० समजून तक्ता वाचा.

रोज एकत्र खेळणारे तिघं एकाच टीममध्ये हट्टाने राहत असतील तर त्या टीमच्या सरासरीत ३० मिळवून टीम पाडा. व्हॉइसवर न बोलता एकमेकांची चाल ओळखणं हेही कौशल्यच आहे. ३० हा सुरुवातीचा आकडा. वही सांगेल तसा तो बदला. दुसऱ्याच्या आयडीवरून खेळणाऱ्याची नोंद आयडीच्या नावावर कधीच करू नका, माणसाच्या नावावर करा.

उरतो तो आपल्या भागाचा हिशेब. जळगाव ते मुंबई रेल्वेने साधारण ४२० किलोमीटर. तेवढ्याच लांबीची फायबर धरली तर सिग्नलला जायला-यायला ४ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणून मुंबईच्या सर्व्हरवर पिंग, म्हणजे सिग्नलचा हाच जाण्या-येण्याचा वेळ, ८० मिलिसेकंद दिसत असेल तर ते अंतरामुळे नाही. घरातलं वायफाय, टॉवरवरची गर्दी किंवा कंपनीचा वळसा घेणारा मार्ग तपासा. राउटर जवळ घ्या, वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर जा, जमलं तर केबल लावा.

एप्रिल-मे मध्ये पारा ४४ अंशांवर असताना दुपारी दोनला मोबाईलवर रेटिंगची मॅच ठेवू नका. बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. त्यापुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि चांगल्या गड्याचेही फ्रेम तुटतात, म्हणजे चित्र अडखळतं. रात्री नऊनंतर खेळा, फोनचं कव्हर काढा, चार्जिंग लावून खेळू नका. हिवाळ्यात भरीत पार्टीला शेतात जमून एका हॉटस्पॉटवर आठ फोन लावलेली मॅच मजेची असते, पण तिचा निकाल वहीत घेऊ नका. लाईट गेली तर काय, तेही आधीच ठरवा: पहिल्या दोन राउंडांत कोणी तुटला तर मॅच नव्याने, त्यानंतर तुटला तर खेळ पुरा करा, पण गुण कोणाचेच बदलू नका. राउटरला छोटा यूपीएस लावला तर हा नियम फारसा वापरावा लागत नाही.