सीलिंगमध्ये स्पीकर बसवायचेत? आधी भोकाची जागा ठरवा

सीलिंग स्पीकर घ्यायचे म्हटलं की आपण आधी कंपनी बघतो, मग वॉट बघतो, आणि भोक कुठे पाडायचं ते सगळ्यात शेवटी, मिस्त्री शिडीवर चढून "इथे चालेल ना?" विचारतो तेव्हा घाईघाईत ठरतं. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. साधा स्पीकर बरोबर जागी असेल तर छान वाजतो आणि भारीतला स्पीकर कोपऱ्यात गेला की डब्यात तोंड घालून गायल्यासारखा आवाज येतो. मी चार खोल्यांत बसवले आणि पहिली जोडी चुकवली, त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं दोन मोठी गोल भोकं बुजवल्यावर आलेलं शहाणपण आहे.

जागा काढायचं गणित सोपं आहे. स्पीकरचा आवाज छत्रीसारखा खाली पसरतो, साधारण दोन्ही बाजूंना ४५ अंश धरा. छतापासून तुमच्या कानापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा, तेवढ्या रुंदीच्या गोलात आवाज नीट पोचतो. छत ९ फुटांवर आणि उभ्या माणसाचा कान ५ फुटांवर, म्हणजे अंतर ४ फूट, गोल ८ फुटांचा. तोच माणूस सोफ्यावर बसला की कान साडेतीन फुटांवर येतो आणि गोल ११ फुटांचा होतो. म्हणून त्या खोलीत तुम्ही उभे असता की बसता हे आधी ठरवा. बाथरूम आणि किचनमध्ये उभे, हॉलमध्ये बसलेले, बेडरूममध्ये आडवे. शिवाय कुठलाही स्पीकर भिंतीपासून निदान दोन फूट लांब ठेवा. भिंतीला चिकटला की बेस (गाण्यातला जाड, खालचा आवाज) फुगतो, आणि कोपऱ्यात दोन भिंती मिळून अजूनच फुगवतात, मग गाण्यातले शब्द गिळले जातात. माझी पहिली जोडी तिथेच गेली होती, "दिसायला सिमेट्रिकल वाटतं" म्हणून.

आता बाथरूम. बाथरूममध्ये दोन शत्रू, पाणी आणि टाइल्स. पाण्याचं सगळे विचारतात, टाइल्सचं कुणीच नाही. चारी बाजूंनी गुळगुळीत टाइल्स असल्या की आवाज इकडून तिकडे आपटत राहतो, आणि लहान बाथरूममध्ये डावा-उजवा असा फरक कानाला कळतच नाही. तिथे दोन स्पीकर लावून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एकच 'सिंगल स्टिरिओ' स्पीकर घ्या, ज्यात एका कोनावर (म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या शंकूवर) दोन कॉइल आणि दोन ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचे छोटे स्पीकर) असतात आणि डावा-उजवा दोन्ही चॅनेल त्या एकाच स्पीकरला जोडता येतात. याला चार तारांची केबल लागते हे वायर टाकतानाच लक्षात ठेवा, नंतर दोनच तारा निघाल्या तर बसा डोकं धरून. साधा स्पीकर लावून फक्त डावा चॅनेल जोडला तर काही गाण्यांत अर्धी वाद्यं गायब होतात. आणि ॲम्पचे (म्हणजे स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्प्लिफायरचे) डावे-उजवे आउटपुट एकत्र पिळून एका साध्या स्पीकरला जोडायचा जुगाड तर अजिबात करू नका, ॲम्प जळू शकतो. मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र, हवा असेल तर ॲम्पमध्येच मोनोची सेटिंग असलेला घ्या. साइज ५ किंवा साडेसहा इंच भरपूर झाली, ८ इंची बाथरूममध्ये नुसता घुमतो.

पाण्याचं म्हणाल तर आयपी रेटिंग बघा, वस्तू धूळ आणि पाणी किती सोसते ते सांगणारे दोन आकडे. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील, ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडला तरी ठीक. बाथरूमच्या छताला ४ पुरतो, शॉवरच्या जवळ असेल तर ५ घ्या. पण यात एक गोम आहे, बऱ्याच सीलिंग स्पीकरचं रेटिंग फक्त पुढच्या बाजूचं असतं, मागची बाजू उघडीच असते, आणि वाफ काय दरवाजा विचारून येत नाही. ती भोकाच्या फटीतून वर जाते, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत थंड होते आणि स्पीकरच्या पाठीवरच पाणी होऊन बसते. म्हणून फ्रेमखाली रबरी गॅस्केट असलेला स्पीकर घ्या आणि एक्झॉस्ट फॅन वापरत चला. सिलिकॉन फासू नका, उद्या स्पीकर काढायची वेळ आली तर सीलिंगचा तुकडा सोबत येईल. कोन पॉलिप्रॉपिलीनचा, कडेची रिंग रबराची आणि जाळी ॲल्युमिनियमची असू दे, कागदी कोन दमट हवेत मऊ पडतो आणि साध्या लोखंडी जाळीला गंज धरतो.

जागा शॉवरच्या डोक्यावर नको आणि एक्झॉस्टच्या शेजारीही नको, त्या घरघरीवर मात करायला मग आवाज वाढवत बसावं लागतं. बेसिन आणि दार यांच्या मधली जागा बहुतेक वेळा बरोबर निघते. ॲम्प बाथरूमच्या बाहेर, याला अपवाद नाही. स्पीकरच्या तारेत तसा कमी व्होल्टेज असतो, ८ ओहमला १०० वॉट म्हणजे साधारण २८ व्होल्ट, पण ॲम्पला मेन्सची (घरातल्या मुख्य विजेची) लाइन येते आणि ती ओल्या खोलीत नको. बऱ्याच देशांच्या वायरिंग नियमांत शॉवर-टबभोवतीचे झोन ठरवून दिलेत, शॉवरच्या वर जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंत एक झोन आणि त्याच्या बाहेर ६० सेंटीमीटरचा दुसरा, आणि कुठे काय चालतं ते त्यावर ठरतं. मेन्सचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आवाजाचं बटण हवं असेल तर दाराबाहेर लावा, ओल्या हाताने काही दाबायचं नाही.

बाकी खोल्यांचं पटकन सांगतो. हॉलमध्ये जोडी लावा, दोघांत ६ ते ८ फूट अंतर, आणि ट्वीटर फिरवता येत असेल तर बसायच्या जागेकडे वळवा. टीव्हीचे संवाद मात्र छतातून ऐकू नका, माणूस समोर बोलतोय आणि आवाज डोक्यावरून येतोय हे फार विचित्र वाटतं. किचनमध्ये शेगडीच्या वर नको, तेलकट वाफ जाळीत बसते, जिथे उभं राहून चिराचिरी करता तिथे लावा. बेडरूममध्ये उशीच्या बरोबर वर नको.

वायर ही सीलिंग बंद व्हायच्या आधीची गोष्ट आहे. १५ मीटरपर्यंत १.५ स्क्वेअर एमएम, त्यापुढे २.५. शुद्ध तांब्याचीच घ्या, तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते पण तिचा रेझिस्टन्स जास्त आणि दमट जागी तिची टोकं लवकर खराब होतात. टोक ब्लेडने खरवडून बघा, आतून चंदेरी दिसलं तर परत द्या. मेन्सच्या वायरपासून फूटभर लांबून न्या आणि कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, समांतर नेली तर गुणगुण ऐकू येऊ शकते. प्रत्येक भोकाजवळ दीड-दोन फूट वायर जास्तीची गुंडाळून ठेवा. आणि सीलिंग बंद होण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढा, प्रत्येक खोलीचे चार-पाच, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे.

भोक पाडायच्या आधी लोहचुंबक फिरवा, बोर्डाचे स्क्रू सापडतात आणि त्यावरून बोर्ड धरणारी धातूची पट्टी कुठून गेलीय ते कळतं. मग मध्यभागी बारीक भोक पाडून त्यात एल आकारात वाकवलेली कडक तार घाला आणि गोल फिरवा, कुठे अडली तर वर पाइप, डक्ट किंवा वायर आहे, जागा सरकवा. पोकळीची उंचीही मोजा, स्पीकर जेवढा खोल आहे त्यापेक्षा एक-दोन इंच जास्त हवी. बॉक्समध्ये टेम्प्लेट येतं, ते वापरा आणि रेषेच्या किंचित आतून कापा, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. खाली उघडी छत्री उलटी धरा, अर्धी धूळ तिच्यात पडते (हसू नका, करून बघा). स्पीकरला बाजूला फिरणारे पंजे असतात, स्क्रू आवळला की ते बोर्डाला वरून पकडतात. हे हातानेच आवळा, मशीनने आवळलं तर जिप्सम चुरतो आणि पंजा हवेत फिरत राहतो.

जोडताना प्लसला प्लस. कुठली तार कुठली ते विसरलात तर दीड व्होल्टचा सेल तारांच्या टोकांना क्षणभर टेकवा (ॲम्पपासून तारा सुटलेल्या हव्यात), कोन बाहेर आला तर सेलचा प्लस ज्या तारेवर आहे ती प्लस. जोडीतला एक उलटा लागला तर मध्ये उभं राहिल्यावर बेस गायब होतो. एकाच ॲम्पवर जास्त खोल्या टाकायच्या असतील तर ओहमचा (स्पीकरच्या विजेला होणाऱ्या अडथळ्याचा) हिशोब करा, ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, चार जोडले की २, आणि बरेच साधे ॲम्प ४ च्या खाली तापून बंद पडतात. मग स्पीकर सिलेक्टर (एका ॲम्पवर अनेक जोड्या सुरक्षित जोडायचा डबा) किंवा जास्त चॅनेलचा ॲम्प घ्या. वायफायवाला ॲम्प लोखंडी कपाटात कोंडू नका, सिग्नलही जातो आणि हवाही.

वरच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर स्पीकरच्या मागे बॅक बॉक्स, म्हणजे पाठ झाकणारा डबा, लावा. मोकळा स्पीकर जेवढा खाली वाजतो तेवढाच वर पोकळीत वाजतो, आणि सकाळी सहाला तुमची गाणी त्यांनाही ऐकू येतात.

जाळी शेवटी लावायची, आधी पाच मिनिटं वाजवून खरखर येतेय का ते ऐका. जाळीला सीलिंगचा रंग द्यायचा असेल तर आतलं कापड काढून ठेवा आणि स्प्रेचे पातळ हात द्या, ब्रशने दिलात तर भोकं बुजतात आणि ट्वीटरचा आवाज उशी ठेवल्यासारखा दबतो. माझी एक जाळी अशीच गेली, ती रात्रभर टूथपिकने टोकत बसलो होतो.