पहिल्याच फेरीत 1885

2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हापासून आमच्या फोंड्यात ‘स्पर्धेत उतरू का?’ असं विचारणारे वाढलेत. उतरा. पण पहिल्याच फेरीत मार खायची तयारी ठेवा. स्विस पद्धतीत रेटिंगची (म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याची) यादी मधोमध कापतात आणि वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याची गाठ खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याशी घालतात. म्हणजे नवख्यासमोर तगडाच येणार.

माझं रेटिंग 1480, समोर 1885. धावतपळत टेबलाशी पोचलो तर बारा-एक वर्षांची मुलगी, स्कोअरशीटवर दोघांची नावं सुवाच्य अक्षरात लिहून बसलेली.

पांढरी माझ्याकडे होती. बेत एकच: मोहरी मारामारी करून संपवायची, ड्रॉ घ्यायचा. चौदाव्या चालीला मीच वजिरावजिरी केली. इथेच फसलो. पट रिकामा झाला की गुंतागुंत संपते, आणि साध्या स्थितीत तर बलवान खेळाडू अधिकच सफाईने खेळतो.

खरं तर घाबरायचं कारण नव्हतं. फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) कोष्टकात रेटिंगमधल्या 405च्या फरकाला दुबळ्याकडून 0.08 गुणाचीच अपेक्षा असते. नव्या खेळाडूचा के (या फरकाला गुणायचा आकडा) 40, म्हणजे हरलो तर रेटिंगचे 3.2 जातात, ड्रॉ झाला तर 16.8 मिळतात! हा हिशेब मी घरी येऊन केला.

शेवटी दोघांकडे एकेक हत्ती, तिचं एक प्यादं जास्त, माझा राजा त्याच्या वाटेत. हा ड्रॉ मला पाठ होता: हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या आडव्या पट्टीत ठेवून तिच्या राजाला पुढे येऊ द्यायचं नाही, प्यादं तिसरीत आलं की हत्ती आठवीत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. पण घड्याळात तीन मिनिटं उरली होती. (90 मिनिटं आणि चालीमागे 30 सेकंद पुरतात, सुरुवातीलाच उधळली नाहीत तर.) भीतीने हत्ती पहिल्या पट्टीत आणून बसवला. तिचा राजा आत शिरला, प्यादं मधलं होतं, मी हार मानून हात पुढे केला.

बाहेर तिची आई डबा उघडून बसली होती. मुलगी म्हणाली, “दादा, वजीर कशाला बदललात? मला तेव्हा तुमच्या हल्ल्याचीच भीती होती.”

मग डबा बाजूला सारून तिने चौदाव्या चालीची स्थिती मांडली आणि माझ्या बाजूने खेळायला बसली.