लांबच्या रूटला कुठलं विमान घ्यायचं हे कंपन्या कसं ठरवतात, स्वतःच हिशोब करून बघा

विमानांची मोठी ऑर्डर सुटली की बातमीत फक्त आकडा येतो. एअर इंडियानं 2023 मध्ये 470 घेतली, इंडिगोनं एअरबसची ए350 घेतली वगैरे, पण हेच का घेतलं ते कोण सांगत नाही. आमच्या सांगलीत आता जवळपास प्रत्येक गल्लीतलं एखादं पोरगं लंडनला नाहीतर न्यूजर्सीला आहे, त्यामुळं मुंबईतून डायरेक्ट फ्लाइट का नाही, असली तर एवढी महाग का, हा विषय लग्नाच्या पंगतीत पण निघतो. हिशोब तसा लय अवघड नाही, कागद-पेन घ्या आणि एक रूट धरा. मुंबई-लंडन धरूया, सरळ रेषेत साधारण 7,200 किलोमीटर.

आधी माणसं मोजायची. पण मे महिन्यातली नाही, दिवाळीतली पण नाही, फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारची. शुक्रवारी सांगली-मुंबई स्लीपर कुणाचीपण भरते हो, मंगळवारी निम्मी रिकामी गाडी पळते तेव्हा डिझेल आणि टोल तेवढाच लागतो, आणि ट्रॅव्हल्सवाला गाडी घेताना त्या मंगळवाराचाच विचार करतो. विमानात तेच. समजा मोठं विमान 350 सीटचं, एका फेरीला खर्च 1 कोटी 20 लाख, आणि छोटं 250 सीटचं, खर्च 95 लाख (आकडे फक्त समजायला घेतलेत). दोन्ही फुल गेली तर मोठ्यात सीटमागे 34 हजारच्या आसपास पडतात, छोट्यात 38 हजार, म्हणजे मोठं स्वस्त. आता दोन्हीत 240च माणसं बसवा. मोठ्यात माणशी 50 हजार, छोट्यात 40 हजाराच्या आत. बरीच मंडळी फक्त सीटमागचा खर्च बघून मोठं विमान भारी म्हणतात, माझ्या मते फेरीचा खर्च आधी बघावा. एअरबसच्या दोन मजली ए380 चं गाडं इथंच अडलं, भरलं तर सोनं, पण रोज भरणारे रूट जगात मोजकेच, शेवटचं विमान डिसेंबर 2021 मध्ये एमिरेट्सला दिलं आणि कारखान्यातलं काम संपलं. अपवाद लंडनच्या हीथ्रोसारख्या एअरपोर्टचा, तिथं स्लॉटच (उतरायची-उडायची ठरवून दिलेली वेळ) मिळत नाही, मग मिळालेल्या एका स्लॉटमध्ये जमेल तेवढं मोठं विमान घालायचं.

मग रेंज, म्हणजे एका दमात विमान किती लांब जातं ते. इथं ब्रोशरवर विश्वास ठेवू नका. बोइंगच्या 787-9 ची रेंज 14,000 किलोमीटर लिहिलेली असते, मुंबई-सॅन फ्रान्सिस्को साधारण 13,500, म्हणजे झालं की काम, असं वाटतं. पण तो आकडा माणसं आणि त्यांच्या बॅगा एवढंच वजन धरून, वारा नाही असं समजून काढलेला असतो. थंडीत पश्चिमेकडं जाताना समोरून जोरदार वारा असतो, पोचायच्या ठिकाणी धुकं पडलं तर दुसऱ्या एअरपोर्टला जायचं इंधन पाहिजे, वर अर्ध्या तासाचं हात न लावायचं इंधन वेगळंच, आणि त्यात रस्ता सरळ नसतोच, पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना बंद झालं तेव्हा एअर इंडियाच्या अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना व्हिएन्नाला उतरून इंधन भरायला लागलं. मी ब्रोशरच्या आकड्यातून दहा-पंधरा टक्के कापूनच बोलतो.

म्हणून मग सगळ्यात लांब जाणारं घ्या, असंही नाही. जास्त इंधन भरलं की ते इंधन वाहून न्यायलाच इंधन जळतं, चौदा-पंधरा तासांच्या फ्लाइटला वाढीव इंधनातला तिसरा हिस्सा तरी असाच जातो. सिंगापूर-न्यूयॉर्कला जाणाऱ्या ए350 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं फक्त 161 सीट ठेवल्यात, इकॉनॉमी नाहीच. लंडनसाठी हे काय करायचंय? 787-9 चं लांबीनं मोठं भावंड 787-10, त्याची रेंज 11,700 च आहे पण सीट जास्त, माझं मत तिकडं.

आता एक गोष्ट जी लोक हमखास विसरतात, एका रूटला विमानं किती लागतील. मुंबई-लंडन जाताना दहा तासांच्या आसपास, येताना नऊ, दोन्हीकडं साफसफाई, इंधन, जेवणाचे ट्रे चढवणं धरून दोन-दोन तास, म्हणजे झाले 23. एकाच विमानात रोजची फ्लाइट कशीबशी बसते. वाटेत वळसा पडून जाता-येता तास-तास वाढला की पंचवीस होतात, मग दुसऱ्या दिवशीची फ्लाइट लेट, तिसऱ्या दिवशी अजून लेट, आणि शेवटी जास्तीचं विमान लावायला लागतं. न्यूयॉर्कला तर रोजच्या फ्लाइटला दोन विमानं धरूनच चालायचं.

खालच्या पोटातला माल पण मोजा. बोइंगच्याच 777-300ईआर मध्ये एलडी3 कंटेनर (विमानात माल भरायचे ठराविक मापाचे डबे) 44 बसतात, 787-9 मध्ये 36. आपल्या तासगावची द्राक्षं बहुतेक बोटीनंच जातात, रीफर म्हणजे थंड कंटेनरमधून, विमानाचं भाडं त्यांना परवडत नाही. विमानात चढतो तो आंबा, ताजी भाजी, औषधं. काही रूटवर या मालावरच नफा-तोटा ठरतो.

इंजिनाचं थोडक्यात. ए350 ला रोल्स-रॉइसच, 787 ला अमेरिकेच्या जीई कंपनीचं किंवा रोल्सचं. 787 ला बसणाऱ्या रोल्सच्या ट्रेंट 1000 इंजिनाच्या ब्लेडांनी कितीतरी कंपन्यांची विमानं जमिनीवर बसवली, त्यामुळं इंजिनाचा मेंटेनन्स करार विमानाच्या किमतीइतकाच घासाघीस करून होतो. आणि ज्या कंपनीकडं आधीच 777 चे पायलट आहेत त्यांना 787 वर आणायला ट्रेनिंग कमी लागतं, हे पण पैशात धरतात.

एवढं सगळं करून कागदावर जे विमान जिंकतं ते मिळतं कधी, ते शेवटी बघायचं, आणि खरं तर बऱ्याच वेळा निकाल इथंच लागतो. 777 चं नवं मॉडेल 777एक्स 2013 ला जाहीर झालं, 2020 ला मिळणार होतं, तारीख पुढं पुढंच सरकत गेली. विमान तयार पण बिझनेस क्लासच्या सीट आल्या नाहीत म्हणून उभं, असं पण होतं. त्यामुळं आज नंबर लावला आणि विमान पाच-सात वर्षांनी येणार असेल तर कंपनी मधल्या काळासाठी भाड्यानं घेते. इंडिगोनं तेच केलं, एप्रिल 2024 ला 30 ए350 ची ऑर्डर दिली, पण ती यायच्या आधीच नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिक कंपनीची 787-9 पायलटसकट भाड्यानं घेऊन जुलै 2025 ला मुंबईतून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं. भाडं जास्त बसतं, पण रूट चालतो का नाही ते स्वतःचं विमान यायच्या आधीच कळतं.